हापशीची साक्ष

आमच्या शेजारच्या गजाननकाकांनी एकदा एका म्हाताऱ्याच्या नाकाशी कापसाचं सूत धरलं होतं. हिवरखेडजवळच्या आमच्या गावात चौकातला बातम्यांचा फळा काका लिहितात. म्हातारा गेल्याची बातमी आली होती आणि काकांचा बाणा एकच, "डोयानं पाह्यल्याबिगर मी खडू उचलत नाई!" सूत हललं, म्हातारा शिंकला आणि घरच्यांनी काकांना अंगणाबाहेर काढलं.

अशा माणसानं एका सकाळी लिहिलं, 'वस्तीवरची नवी हापशी कोरडी. उद्घाटनाआधी बोअरमध्ये टँकर ओतला.' उद्घाटन करणारे पुढारी भडकले. त्यांनी अकोल्याच्या कोर्टात बदनामीचा दावा ठोकला. भरपाई अशी मागितली, की काकांचं वावर विकूनही भागलं नसतं.

काकू रडकुंडीला आल्या. "फळ्यावर एक ओय माफीची लिवा ना! वावर गेलं तं खासान काय?"

"खोटं असन तं लिवतो. पण खोटं हाय म्हनते ना तो? मंग त्यानंच दाखवावं."

कोर्टात पुढाऱ्यांचे वकील 'धादांत खोटं' हे दोनच शब्द आळवत बसले. पुरावा विचारला, तर उद्घाटनाचा फोटो पुढे केला. काका उठले. "सायेब, हे वकील कावून घसा कोरडा करून राहिले? हापसून दाखवा म्हना. पानी आलं तं मी खोटा, वावर त्याईचं!" न्यायाधीश हसले आणि त्यांनी पाहणीसाठी कोर्टाचा माणूस गावात पाठवला.

पाहणीला सारा गाव लोटला. पुढाऱ्यांनी स्वतः दांडा धरला. हापसून हापसून त्यांचा कडक कुर्ता अंगाला चिकटला, पण हापशीनं नुसत्या उचक्या दिल्या. पुढे दावा फेटाळला गेला. आम्ही काकांना खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं. असा माणूस आमच्या गल्लीत राहतो, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण पाहणीच्या वेळी मी काकांच्या अगदी शेजारी उभा होतो. त्यांचं पुढाऱ्यांकडे लक्षच नव्हतं. वस्तीवरच्या बाया पाणी येईल या आशेनं रिकाम्या गुंड्या-कळशा घेऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे ते बघत होते. दांडा खाली गेला की काकांचे ओठ हलायचे. मी कान दिला.

"ये ना वं माय, ये... जाऊ दे माहं वावर."