गोदूआजीचं बिनधोक बीळ

एका जंगलात, बाळांनो, सगळे म्हातारे प्राणी आपापल्या मुलांकडे राहायचे. फक्त गोदूआजी साळिंदर एकटी राहायची. आणि वर मजेत राहायची.

हे तिच्या मुलाला बघवेना. त्याच्या बिळात पोरं फार, आणि सांभाळायला कुणी नाही. "आईची फार काळजी वाटते हो," असं तो जंगलभर सांगत सुटला.

सिंहाचे डोळे पाणावले. फर्मान निघालं: एकट्या म्हाताऱ्यांची घरं तपासा. घर नापास झालं, तर म्हातारी मुलाकडे.

तपासायला अस्वलराव आले. मागोमाग मुलगा आला, गाठोडं बांधायची दोरी घेऊनच.

"न्हाणीत धरायला काही?"

"वेल आहे. ओढून बघा."

अस्वलराव वेलीला लोंबकळले. वेल हलली नाही.

"पायपुसणं सरकतं का?"

"तुम्ही पाय कुठे पुसलेत? पुसा, म्हणजे कळेल."

अस्वलरावांनी मुकाट्याने पुसले. पायपुसणंही सरकलं नाही.

"पास!" ते म्हणाले. मुलाचं तोंड एवढंसं झालं.

आजी खूश. "बसा. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

"नको नको, आत्ताच झाला."

"अर्धा कप."

"बरं. पण अगदी अर्धा हं."

आजीचा रोजचा कप हाताशीच होता. कान तुटका. तो पाहुण्यांना कसा द्यायचा? पाहुण्यांचे कप पार वरच्या फळीवर. आजीने पाटावर डबा ठेवला, डब्यावर पातेलं उपडं घातलं आणि चढली.

"आजी, सावकाश!" अस्वलराव म्हणाले. मदत म्हणून अगदी खाली येऊन उभे राहिले.

आजी पडली. तिला काही लागलं नाही. कपही शाबूत. अस्वलरावांच्या अंगात मात्र आजीचे निम्मे काटे.

घुबडवैद्य आले. "यांना सुरक्षित घरातच झोपवा. जंगलात असं घर कुठलं?"

"हेच," अस्वलराव कण्हले. "मीच पास केलंय."

तेव्हापासून अस्वलराव तिथेच आहेत. त्यांना बघायला रोज पाहुणे येतात. सगळे अर्धाच कप घेतात.

मुलगाही आला. पोरांना घेऊन. "एवढं बिनधोक घर आपलंच असताना, आई, यांना दुसरीकडे कुठे ठेवू?"

तात्पर्य: एकटं, सुखात राहायचं असेल, तर घराची एक तरी पायरी मोडकी ठेवावी. शक्यतो दारातली, म्हणजे कुणी आतच येणार नाही.