खोली क्रमांक एकतीसमधलं प्रेम

घोसाळकर चाळीच्या पुनर्विकासाची पात्रता यादी सोमवारी सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर लागली. चौऱ्याऐंशी खोल्यांपैकी त्र्याऐंशी पात्र ठरल्या. खोली क्रमांक एकतीसपुढे ‘अपात्र’ असा शेरा होता आणि खाली कारण होतं : ‘सदर खोली तीन वर्षे कुलूपबंद. पुरावा : कादंबरी, पृष्ठे ४२ ते ४७.’

एकतीस नंबरात अंबिका घाडीगावकर, तिची आई मालन, भाऊ, भावजय आणि त्यांची दोन पोरं अशी सहा माणसं राहत होती. कादंबरीही अंबिकाचीच. ती कॉलेजातल्या पोरांसाठी प्रेमकथा लिही आणि पोरी त्या बाकाखाली धरून वाचत. तिच्या चौथ्या कादंबरीतले मनू आणि वैभव काळाचौकीतल्या चाळीत, तीन वर्षांपूर्वी गावी गेलेल्या एका कुटुंबाच्या बंद खोलीत चोरून भेटतात. खऱ्या एकतीस नंबरात दोघांनी एकमेकांकडे प्रेमाने बघायचं ठरवलं, तर तिसऱ्याला मोरीत उभं राहावं लागे. म्हणून बाईने कागदावर खोली रिकामी केली. नंबर आणि चाळीचं नाव मात्र आळसाने खरंच ठेवलं.

पात्रता निश्चिती कक्षाचे अधिकारी कुलथे हे अत्यंत सज्जन गृहस्थ होते, आणि तीच खरी अडचण होती. सर्वेक्षणाच्या दिवशी घाडीगावकरांचं अख्खं घर बारशाला गेलेलं, दाराला कुलूप. नियमानुसार पूरक पुरावा शोधणं आलं. खोलीविषयीचा एकमेव छापील दस्तऐवज त्यांना स्वतःच्या मुलीच्या दप्तरात मिळाला.

“साहेब, ती गोष्ट आहे. मी रचलेली,” अंबिका म्हणाली.

“मलपृष्ठावर ‘आपल्या सगळ्यांची खरीखुरी गोष्ट’ असं छापलंय. ते कोणी रचलं?”

“प्रकाशकांनी.”

“म्हणजे त्रयस्थ साक्षीदार,” कुलथ्यांनी नोंद केली.

अंबिकाने विजेच्या बिलांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “ही बिलं बघा. बंद खोलीत लाइट कोण जाळणार?”

कुलथ्यांनी खूण घातलेलं पान उघडलं. “पृष्ठ चव्वेचाळीस. ‘खिडकी उघडायची चोरी होती, म्हणून त्यांनी भरदुपारी दिवा लावला.’ बिल जुळतंय, मॅडम. फार विश्वासार्ह लिहिता तुम्ही. माझी मुलगी तर ढसाढसा रडली.”

एरवी असा अभिप्राय ऐकून अंबिका दोन दिवस हवेत राहिली असती. आता तिने बिलांचा गठ्ठा उचलला. ती तडक दादरला, प्रकाशक राजेशच्या ऑफिसात गेली आणि कथा काल्पनिक असल्याचं पत्र मागितलं.

“वेडी झालीस काय गं?” राजेश म्हणाला. “खोटं प्रेम कोण वाचणार? हवं तर घर खोटं आहे असं लिहून देतो.”

शेवटी मार्ग कुलथ्यांनीच काढला. शासन कितीही कठोर असलं तरी साहित्याचा आदर करतं, असं म्हणून त्यांनी सुधारित आवृत्ती सादर करण्याची मुभा दिली. त्यासाठी खोलीत सर्व पात्र कुटुंबीयांची उपस्थिती पानोपान दिसायला हवी होती. चुंबनाला कक्षाची हरकत नव्हती, पण ते दोन पंचांसमक्ष व्हावं आणि पंचांचा पूर्ण पत्ता तळटीपेत यावा.

“आणि हा वैभव कोण?” त्यांनी विचारलं. “वरचेवर येतो, खोलीत बसतो. पोटभाडेकरू आहे?”

“तो तिचा प्रियकर आहे हो!”

“तशी वर्गवारी आमच्याकडे नाही. पोटभाडेकरू नसेल, तर पृष्ठ त्रेचाळीसपर्यंत त्याने खोली सोडावी.”

अंबिका घरी येऊन डोकं धरून बसली. मनू-वैभवला तिने दोन वर्षं पोटच्या पोरांसारखं सांभाळलं होतं. पुढच्या भागात त्यांचं लग्न लावून द्यायचं तिने वाचकांना कबूल केलं होतं. आईने भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं.

“त्या दोघांका खंय तरी धाड गो बाय,” आई म्हणाली. “पण खोली सोडू नको. तुझो बापूस ह्याच खोलीत गेलो.”

त्यापुढे साहित्य काय बोलणार? अंबिकाने लिहायला घेतलं. सुधारित आवृत्तीत खोली मनूच्याच घरची झाली. वैभव धडधडत्या छातीने दार लोटतो, तर आत सहा माणसं शिधापत्रिका घेऊन बसलेली. मनूची आई त्याला चहा देते आणि आपण इथे किती सालापासून राहतो ते सांगते. तो मनूकडे एकदा बघतो, ‘येतो’ म्हणतो आणि जिना उतरून जातो. उरलेल्या दीडशे पानांत तो येत नाही. ते वाक्य लिहिताना अंबिका खरोखर रडली. पंधरा दिवसांत खोली पात्र ठरली. आईने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले.

नव्या आवृत्तीचं प्रकाशन दादरच्या एका सभागृहात झालं. तरुण वाचकांनी खुर्च्या भरल्या होत्या. आपण प्रेमाचा गळा घोटला, आता ही पोरं फाडून खाणार, या भीतीने अंबिकाने उत्तर पाठ करून ठेवलं होतं. पहिला हात सलोनी नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीचा वर गेला.

“मॅडम, कितवा मजला मिळाला?”

“बाविसावा,” अंबिका चाचरत म्हणाली.

“आणि कार्पेट एरिया किती?” मागून एका मुलाने विचारलं. त्याच्या शेजारणीला पार्किंगचं जाणून घ्यायचं होतं. अर्ध्या तासात वैभवची चौकशी कोणीही केली नाही. अंबिकाने पाठ केलेलं उत्तर तिच्याजवळच राहिलं.

या पोरांना हसू नका. वैभव जिना उतरून गेला, तेव्हा तुम्ही तरी थांबलात का? खोली पात्र ठरली म्हटल्यावर मात्र तुमचा जीव भांड्यात पडला.