अण्णांच्या खांद्यावरचा हात

व्हेक्टर चित्राचं वैशिष्ट्य असं, की ते कितीही मोठं करा, फुटत नाही! टपालाच्या तिकिटाएवढं काढा आणि भिंतीएवढं ताणा. कडा जशाच्या तशा, सुरीने कापल्यासारख्या. ही विद्या मी पन्नाशी उलटल्यावर, संगणकावरचे फुकटचे धडे बघून, कुणाच्याही मदतीशिवाय हस्तगत केली. आमच्या अख्ख्या कार्यालयात ती येणारा मी एकटा! हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कितीही ताणलं तरी फाटत नाही?" तिने विचारलं.

"नाही!"

"मग त्याच्या चादरी का करत नाहीत?"

कलावंताच्या घरी असंच असतं.

आमची कंपनी कुलपं बनवते. बनवते म्हणजे बनवत राहते. लोक हल्ली बोटाच्या ठशाने दारं उघडतात, नाहीतर फोनने. त्यामुळे तयार कुलपं गोदामात साठत जातात, आणि त्या गोदामाला कुलूप लावलंय ते दुसऱ्या कंपनीचं. हे गोदामवाल्या अण्णांचं काम. "आपलं कुलूप लागतं चांगलं," अण्णा म्हणायचे, "पण उघडेल याची खात्री कोण देणार?" त्यांच्या खोलीचं छत गळायला लागल्यापासून ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. कमी बोलणारा माणूस. घरी अंथरुणाला खिळलेला धाकटा भाऊ, आणि त्याचं सगळं औषधपाणी कंपनीच्या दवाखान्यातून. त्यामुळे अण्णांनी इतक्या वर्षांत एकदाही आवाज चढवला नव्हता. खोकायचेसुद्धा परवानगी मागितल्यासारखे.

तर, कंपनीला उतरती कळा लागलेली. वरच्या कार्यालयातून तिघांना कमी करायचा हुकूम आलाय, अशी कुजबुज. अशा आनंदी वातावरणात नव्या साहेबांनी मला बोलावलं.

"तुम्ही प्रसिद्धी विभागाचे ना?"

प्रसिद्धी विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. "हो साहेब," मी दोघांच्या वतीने म्हणालो.

"उपाहारगृहाच्या भिंतीवर सगळ्या कर्मचाऱ्यांचं एक मोठं कार्टून हवं. हसरी माणसं! खाली लिहा, 'आपण एक कुटुंब'. लोकांचा धीर वाढला पाहिजे."

कार्यालयात कुणी 'कुटुंब' हा शब्द उच्चारला, की शहाण्या माणसाने त्याच दिवशी दुसरीकडे अर्ज टाकावा. मी शहाणा नव्हतो, कलावंत होतो. "करतो साहेब!" मी म्हणालो. "असं चित्र करतो की लोक बघतच राहतील!"

हे वाक्य पुढे शब्दशः खरं ठरलं.

कामाला लागलो. एक धड काढलं आणि सगळ्यांना तेच दिलं. डोकी तेवढी वेगवेगळी. कंपनीचं धोरणही साधारण असंच असतं. हातही एकच काढला. चार बोटांचा, कारण कार्टूनला चारच बोटं असतात. डाव्या हाताची नक्कल करायची, ती आरशातल्यासारखी उलटवायची, की झाला उजवा! प्रत्येक माणूस वेगळ्या थरावर. काचेची तावदानं एकावर एक ठेवावीत तसे हे थर असतात, आणि प्रत्येकाच्या नावाशेजारी एक छोटासा डोळा. त्या डोळ्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि माणूस गायब! एकावर काम करायचं तर बाकीचे गायब करून टाकायचे, म्हणजे मध्ये लुडबुडत नाहीत. प्रत्यक्षात अशी सोय असती तर मी कार्यालयात किती काम केलं असतं!

धड्यातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, काही केलं की लगेच सेव्ह करा. मी श्वास घ्यावा तसा सेव्ह करत होतो.

चित्रात मी स्वतःला अण्णांच्या शेजारी उभं केलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. हा हात माझ्या थरावर ठेवला की अण्णांच्या कोटामागे जायचा. म्हणून तो मनगटापासून तोडला आणि अण्णांच्या थरावर चिकटवला. बघणाऱ्याला काही कळणार नाही अशी सफाई!

अडचण होती ती अण्णांच्या चेहऱ्याची. त्यांना हसवलं की दाढ दुखतेय असं वाटायचं. भुवया उचलल्या की भूत पाहिल्यासारखे दिसायचे. शेवटी मी त्यांचा डोळा मिटून ठेवला आणि ठरवलं, यांचं सावकाश बघू.

त्याच सुमारास लोक माझ्याशी विचित्र वागायला लागले. हिशेबनीस, ज्यांनी आयुष्यात मला कधी पेनचं टोपण उसनं दिलं नाही, ते बिस्किटांचा पुडा घेऊन आले.

"माझं काय ठरलंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला मागे टाकतोय. कुंडीच्या आड."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "वरून आदेश आहे?"

"आदेश कसला! माझ्या मनानेच. पोट झाकलं जाईल."

"पोट झाकलं जाईल," ते पुटपुटले, आणि फाशी देणाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघत निघून गेले. बिस्किटं मात्र विसरले.

मग स्वागतकक्षातल्या बाई आल्या. "भाऊ, घरी सासूबाई आजारी आहेत."

"अरेरे."

"ह्यांचं दुकानही बंद पडलंय."

"अरेरे!" मी म्हणालो. हे मला का सांगतात ते कळेना. "पण बाई, माझी खरी अडचण तुमच्या केसांची आहे. फार वळणं आहेत. तुम्हाला ठेवायचं तर..."

दुसऱ्या दिवशी बाई पुरुषासारखे केस कापून आल्या!

मी घरी बायकोला सांगितलं, "कलेला मान मिळायला लागलाय. पहारेकरी सलाम ठोकतो!"

"तुम्हाला?" ती म्हणाली. "कुणाचं काही बिघडवलंत का?"

तिचा हा स्वभाव मला पहिल्यापासून माहीत असल्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

मग ती सकाळ. मी येऊन बसलो तर अण्णा खण रिकामा करत होते. चष्म्याचं जुनं घर, दोरीचं बंडल, भावाच्या औषधाचा कागद. सगळं एका पिशवीत.

"काय अण्णा, आज साफसफाई?"

"हो. उठवण्याआधी आपण उठावं." त्यांनी आपल्या खुर्चीतली उशी काढली आणि माझ्या खुर्चीत ठेवली. "तुमची कंबर दुखते ना. घ्या."

"अहो, निघालात कुठे?"

"राजीनामा देऊन आलो साहेबांच्या टेबलावर." त्यांचा आवाज नेहमीसारखाच हलका होता. "तुमचा राग नाही. हुकमाचे ताबेदार तुम्ही. पण शेजारी बसता, एकदा तोंडाने सांगायचंत. तिथे सगळ्यांदेखत कळावं, हे बरं नाही वाटलं."

"तिथे म्हणजे कुठे?"

अण्णांनी पिशवी काखेत धरली. मग मला दंडाला धरून जिन्याने खाली नेलं.

इथे एक सांगायला हवं. मी सायकलवर येतो, त्यामुळे मागच्या दाराने आत शिरतो. पुढच्या दालनाशी माझा संबंध नाही. त्या दालनात कंपनीच्या जाहिराती दाखवायला भलामोठा पडदा आहे. आणि साहेबांनी संगणकवाल्यांना सांगितलं होतं, की चित्र कसं आकार घेतंय ते लोकांना रोज दिसू द्या, धीर वाढेल! तसं परिपत्रकही निघालं होतं. परिपत्रकं मी वाचत नाही. ती टाइप करतो मी, पण वाचत नाही.

म्हणजे मी इकडे सेव्ह केलं की तिकडे चित्र बदलायचं!

दालनात लोक दवाखान्याबाहेर थांबल्यासारखे उभे होते. पडद्यावर आमचं कुटुंब दात काढून हसत होतं. हिशेबनिसांचा कुंडीमागून एक कान दिसत होता. आणि माझ्या शेजारी अण्णांच्या जागी पांढरी पोकळी. तिच्या कडेला मी, हसतमुख, एका हाताने थोटा!

"दोन दिवस असंच आहे," स्वागतकक्षातल्या बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आधी वाटलं परत येतील. काही जण येत होते."

"बाई, हे चित्र आहे हो!" मी ओरडलो. "नुसतं चित्र!"

कुणीही विश्वास ठेवला नाही. कार्यालयात नुसतं असं काही नसतं.

मी जिना चढून धावत टेबलाशी आलो. अण्णांचा डोळा उघडला. पण तेवढ्याने लोकांची खात्री पटेल? म्हणून अण्णांना पुढच्या रांगेत ओढलं. जरा मोठं केलं. घाईत जरा जास्तच मोठं झालं. सेव्ह!

खाली आलो तर दालनाचा नूर पालटलेला! पडद्यावर अण्णा सगळ्यांच्या दुप्पट, मधोमध, कुणाची तरी दाढ उपटायला निघाल्यासारखे हसत होते. आणि त्यांच्यामागे साहेब पूर्ण झाकले गेले होते. टायचं टोक तेवढं दिसत होतं.

"अण्णासाहेब, बसा ना!" पहारेकऱ्याने खुर्ची आणली.

"मी म्हणतच होते," स्वागतकक्षातल्या बाई म्हणाल्या, "शांत माणसंच वर जातात."

"अहो, मी राजीनामा दिलाय," अण्णा पिशवी सावरत म्हणाले.

"बघा, केवढा विनय!"

नेमके त्याच वेळी साहेब बाहेरून आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. आपल्या टायच्या टोकाकडे पाहिलं. ते तडक खोलीत गेले आणि दार लावून त्यांनी वरच्या कार्यालयाला फोन केला. दार पातळ आहे.

"माझ्याबद्दल काही ठरलंय का, सर?... नाही?... हो, त्या तिघांचं बघतोच आहे, सर. आजच!"

मग मला आत बोलावलं. मी सगळं सांगितलं. थर, डोळे, सेव्ह, सगळं. साहेब ऐकत होते, पण त्यांची नजर टेबलावर होती. तिथे तीन राजीनामे होते. एक हिशेबनिसांचा, त्यांना मेहुण्याच्या कारखान्यात जायचंच होतं, कुंडीने फक्त धक्का दिला. एक पॉलिशवाल्याचा, तो गावी जाऊन राहणार होता. आणि एक अण्णांचा.

"तुम्हाला कल्पना नाही," साहेब भरल्या आवाजात म्हणाले, "तुम्ही माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरवलंत! माणसाला तोंडावर कसं सांगायचं, या विचाराने मला जेवण जात नव्हतं."

"साहेब, अण्णांचा परत द्या. तो गैरसमज आहे. त्यांच्या भावाचं औषध बंद होईल."

"मग दोनच उरतात."

"हो."

"वर तीन सांगितलेत."

पंखा फिरत होता. मी पंख्याकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"शिवाय गोदाम फक्त अण्णांनाच उघडता येतं," मी घाईने म्हणालो. "आपलं कुलूप असतं तर कुणालाच आलं नसतं!"

हे साहेबांना पटलं. त्यांनी अण्णांचा कागद उचलला आणि फाडला. मला वाटलं, जिंकलो!

"चित्र पूर्ण होत आलंय ना?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

"झालंच साहेब! फक्त छपाई."

"वा. आणि त्यानंतर प्रसिद्धी विभागात काय काम असेल?"

या प्रश्नाला विचार करून उत्तर द्यायला हवं होतं. पण आनंदाच्या भरात माणूस खरं बोलतो.

"तसं काहीच नाही, साहेब!"

साहेबांनी मान डोलावली. आपण अण्णांचा जीव वाचवण्यासाठी स्वतःला पुढे केलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण तसं काही झालं नाही. मी फक्त उत्तर दिलं.

"जाण्याआधी मला जरा पुढे घ्या," साहेब म्हणाले. "आणि तुमचा तेवढा डोळा मिटून जा. चित्रातला."

मी साहेबांना पुढे घेतलं. मग स्वतःच्या नावाशेजारच्या डोळ्यावर टिचकी मारली. जिथे इतकी वर्षं काढली, तिथे पांढरी पोकळीसुद्धा उरली नाही. हिशेबनिसांपुढची कुंडी तिथे सरकवली, ती नेमकी बसली. सेव्ह. छपाईला दिलं. उशी काखेत मारली आणि मागच्या दाराने सायकल काढली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्यासमोर चहा ठेवत म्हणाली, "चादरींचं बघा एकदा."

पुढच्या आठवड्यात अण्णांचा फोन आला.

"भिंतीवर चढलं तुमचं चित्र. छतापर्यंत."

"फुटलं नाही ना?"

"छे! अगदी स्वच्छ. मी फारच मोठा दिसतो, लोक अजून उठून उभे राहतात." मग म्हणाले, "माझ्या खांद्यावर एक हात आहे."

माझ्या लक्षात आलं. हात अण्णांच्या थरावर होता! मी गेलो, हात राहिला.

"मनगटाच्या मागे कुणीच नाही," अण्णा म्हणाले. "साहेब म्हणाले, रंग मारून बुजवून टाका. मी म्हटलं, बुजवायचा नाही."

"तुम्ही म्हणालात? साहेबांना?"

"जरा मोठ्याने म्हणालो."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझं काही मागे राहिलं असेल तर तो हात, आणि तोही योग्य खांद्यावर! मी काही बोलणार, तेवढ्यात अण्णा परवानगी मागितल्यासारखे खोकले.

"राग मानू नका. पण तो अंगठा भलत्याच बाजूला कसा?"

उलटवायचा राहिला होता! आता भिंतीवर माझा अंगठा माणसाएवढा आहे, आणि कडा जराही फुटलेल्या नाहीत.