सलोमीबाईची छन्नी

मी या घरी पहिल्या दिवशी आली तवा सलोमीबाईनं मले बस म्हटलं नाई, कोनं हाकललं हे पुसलं नाई, लेकरानं काई खाल्लं का हेबी नाई. माह्या हातातला पान्याचा गडवा हिसकला, उलटा केला, बुड पाह्यलं, अन् म्हने, "याच्यावर नाव काऊन नाई?"

"नाई घातलं वो बाई."

"मंग हा तुहाच हाय कायवरून? मी म्हनीन, माहा हाय!"

मले रडूच आलं. सासरच्याईनं काढलं तवा येक गडवाच तं घेऊ देला होता. मी रडली म्हनून कडेवरचं लेकरूबी रडाले लागलं. ती म्हने, "रडून गडवा सापडते काय? चिठ्ठी काढ." या घरी ठेवून घ्या म्हनून दवाखान्यातल्या कंपाउंडरनं देलेली चिठ्ठी मी पदरातून काढून देली. तिनं ते दगडाखाली दाबली, पाय पसरले, गडवा मांडीत धरला, कमरेची छन्नी अन् हातोडी काढली अन् चिठ्ठीकडं पाहात पाहात ठक ठक ठक सुरू. रडनारं लेकरू गप झालं, मीबी गप झाली.

हे घर म्हंजे मिशनचं घर. चांद्याहून मूल गावाकडं जानाऱ्या रस्त्यानं, मोहाच्या झाडाईत, कवेलूच्या छपराचं. ज्या मोठ्या मानसाले कोनी नाई, नाईतं हाय पन घरात घेत नाई, तो इथी राह्यते. आंधळे, लंगडे, महारोगातून बरे झालेले, अन् माह्यासारखी येखादी. दोन टाइम भात अन् लाखोळीचं वरन, थंडीत घोंगडी, आयतवारी प्रार्थना. कोठीची अन् रांधनीची मालकीन सलोमीबाई. तिले कोनं मालकीन केलं हे कोनालेच मालूम नाई.

तिच्या बोटाईचे शेंडे महारोगानं गेले. रोग बरा होऊन जमाना झाला, पन बोटं वाकडीच राह्यली, अन् त्याईत जान नाई. हातोडी छन्नीवर पडे तशी बोटावरबी पडे, तिले पत्ताच नसे. आपनच वरडाचं, "बाई, रगत!" ती म्हने, "कोनाचं?"

नाव नाई अशी वस्तू तिच्या डोळ्याले खपतच नोती. ताटं झाले, गंज झाले, बादली, पळी, कुदळ, कंदील, बकरीच्या गळ्यातली घंटी. जर्मनच्या ताटावर तं इतकं ठोकलं का वरन पाझरे. येक खेप आमच्या फाटकापुढं बस पंक्चर झाली. डायवर मोहाखाली बिडी पेत बसला अन् मांगून ठक ठक आवाज. पाह्यते तं सलोमीबाई मडगार्डाले भिडलेली!

"अवो बुढे, का करून राह्यली?"

"नाव घालून राह्यली. रोज इथून जाते तुही गाडी, येखाद्या दिवशी हरपन."

"गाडीवर नाव हाय ना, हे पाह्य, रंगानं लिहेलं!"

"रंग पावसात जाते," ती म्हने. "मंग रडत येजो माह्याकडं."

तो डायवर आजबी आमच्या फाटकापाशी गाडी जोरात नेते.

आता माही गोष्ट. मी तिसरीपर्यंत शिकली. कोनाले सांगितलं नोतं, काऊन का सासरी म्हनत, शिकेल बाई नवऱ्याले खाते, अन् माहा मालक खरंच जंगलात सागवान तोडताना झाडाखाली आला. म्हनून मी अक्षर पाह्यलं का मान खाली घालो. पन पहिल्याच दिवशी जेवाले बसली, गडव्याकडं नजर गेली, तं त्याच्यावर लिहेलं: सदर बाई.

मी बाजूच्या ताटाकडं पाह्यलं. सदर बाई. समोर आंधळा सोमाजीबुवा बसला होता. त्याच्या ताटावर, सदर इसम. त्याच्या बाजूच्याच्या, सदर इसम. साऱ्या पंगतीत हेच. चिठ्ठीत कंपाउंडर पहिलेच लिहे, सदर इसम निराधार असून, सदर बाई निराधार असून. सलोमीबाईले वाचता येत नाई. तिले वाटे, कागदावर पहिले मानसाचं नावच राहीन, दुसरं का राहीन? पहिले दोन शब्द घ्याचे अन् ठोकाचे. कोनी म्हटलं असन का बाई, सारे येकसारखेच दिसते, तं तिचा जवाब तयार. "येका घरच्या मानसाईचं तोंड सारखं राह्यते ना? मंग अक्षरं काऊन नाई राहीन?"

मले हासू आलं, ते मी भाताच्या घासासंगं गिळलं.

सोमाजीबुवा मोठ्या खुशीनं ताटावरून बोट फिरवत होता. "पाह्य पोरी, माहं नाव कसं खडबडीत हाय! डोळे नसले तरी वाचता येते." मी म्हटलं, "हो बुवा." येका दिवशी भांडे घासताना माहा हात ताटावरच्या अक्षराईपाशी थांबला, तं तो हळूच म्हने, "तुले वाचता येते ना वो?" माह्या हातातून ताट पडलं. तो म्हने, "घाबरू नोको. सारे ताटं येकच हायत, मले दोन वर्सं झाले मालूम हाय, बोटाले समजते. तिले सांगू नोको बापा. बुढी मरन."

सांगनार कोन? मी तं पानातल्या खारीले भेनारी बाई.

पन सलोमीबाई माह्या मांगं लागलीच. माह्यासाठी नाई, लेकरासाठी. माही पोरगी तवा आठ महिन्याची होती अन् तिले नाव नोतं. त्याच्या आंधी माहे दोन लेकरं झाले. दोघाईचं बारसं थाटानं केलं, नावं ठेवले, अन् दोघंबी नाव ठेवल्यावर महिनाभरात गेले. म्हनून मी ठरवलं होतं मनात का हिले नावच नाई ठेवाचं. नाव नसलं तं नेनारा कोनाले बलावन? मी तिले "हे" म्हनो. हे निजलं, हे उठलं.

सलोमीबाईले हे खपत नोतं. "बकरीले नाव हाय वो! कुदळीले नाव हाय! अन् लेकरू तसंच?"

"राहू द्या बाई."

"घातलं का नाव?" सकाळी पुसे. "घातलं का?" दुपारी पुसे. मी पान्याले गेली तं विहिरीवर येऊन पुसे.

मंग धान कापनी झाली अन् निरोप आला का मिशनचे साहेब घर पाहाले येनार. या घराचा कायदा असा का इथी मोठी मानसंच राहातीन. लेकरू आईचं दूध सुटेपर्यंत, मंग मुलाईच्या घरी धाडाचं. ते घर तिकडं दूर, रेलगाडीत बसून जा लागते. मी रेलगाडी पाह्यलीबी नोती. मी तिले सोडून जगनार कशी, अन् तिले घेऊन बाहीर निंघाली तं खानार का?

मी सलोमीबाईचे पायच धरले. ती म्हने, "मी सांगीन साहेबाले. या घरी ज्याच्या नावाचं भांडं, ते मानूस या घरचं, हा माहा कायदा. तू फक्त नाव सांग."

मी म्हटलं, "दगडी."

असं वंगाळ नाव ठेवलं का नेनाऱ्याले किळस येते, लेकरू वाचते, असं आमच्याकडं करतेत. तिनं हातोडी खाली ठेवली.

"दगडी म्हनून हाक मारली तं दहा पोरी पाहातीन. नाईतं येकबी नाई पाहाची. खरं नाव सांग."

"नाई सांगत! तुमचं का जाते? तुमचं लेकरू असतं तं समजलं असतं!"

बोलली अन् जीभ चावली. रांधनीत सारे आयकत होते. सलोमीबाई उठली. मले वाटलं, आता हाकलते. ती कोठीत गेली अन् येक पितळेची लहानशी वाटी आनली, लेकराच्या दूधभाताची. आतून बाहेरून लख्ख. उलटी केली. बुडाले काईच नाई. या साऱ्या घरात बिननावाची ते येकच वस्तू.

ती म्हने, "आश्रमात झाली माही पोरगी. महारोगाच्या बाईजवळ लेकरू ठेवत नोते. पहिल्याच दिवशी पोराईच्या घरी नेली. मी म्हटलं, बरी होईन, मंग सव्वा महिन्याचं असन का सव्वा वर्साचं, आपल्या हातानं नाव ठेवीन. बरी व्हाले चार वर्सं लागले. मंग हे वाटी घेतली, अन् गेली पोराईच्या घरी. फाटकावर चवकीदार. अंगनात पंधरा-वीस पोरी खेळून राह्यल्या, साऱ्याईचे डोस्के भादरेल, साऱ्याईच्या अंगात येकाच कापडाचे झगे. चवकीदार म्हने, नाव सांग, बलावतो. मी म्हटलं, नाव नाई ठेवलं. तो म्हने, मंग बाई, कोनाले बलावू? कागद पाह्यले तं कागद वाळवीनं खाल्ले. मी दिवसभर उभी राह्यली. माही त्याईतच होती, वो. हाक माराले नावच नोतं माह्यापाशी."

मी चुलीतला कोरसा घेतला अन् त्या वाटीच्या बुडावर लिहेलं. मालक जिवंत असताना म्हनत, पोरगी झाली तं अनुसया ठेवू. माह्या तोंडातून ते नाव निंघेना, म्हनून लिहेलंच पहिले. मंग बोलली. "अनुसया."

सलोमीबाईचे डोळे मोठे झाले. "तुले लिहिता येते?"

"थोडंथोडं."

"अन् इतके दिवस तोंड दाबून बसली! मंग वाच, सोमाजीच्या ताटावर का हाय?"

सोमाजीबुवानं मान खाली घातली. मी ताट हातात घेतलं. म्हटलं, "सोमाजी."

"पाह्य! बराबर हाय ना?"

"बराबर हाय, बाई."

तिनं वाटी मांडीत धरली अन् कोरशाच्या अक्षरावर छन्नी ठेवली. इतकं हळू ठोकताना मी तिले कवाच पाह्यलं नोतं. तरी बोट ठेचलंच. मी पदर फाडून बांधलं. तिले मालूमबी नाई.

साहेब आले. भला मानूस, पन बूट पाहूनच मी खांबाआड झाली. सलोमीबाईनं वाटी त्याईच्या हातात देली. "हे पाहा, नाव हाय. घरचं लेकरू हाय. धाडता नाई येनार."

साहेबानं वाचलं, "अनुसया." मंग म्हने, "सगळ्यांच्या भांड्यांवर अशी नावं आहेत का?" अन् ओळीतलं येक ताट उचललं. मंग दुसरं. मंग तिसरं. साहेबानं चौथं ताट उचललं, खाली ठेवलं, चष्मा काढला.

सलोमीबाई म्हने, "बराबर हाय ना, साहेब? येकबी चुकलं नाई ना?"

साहेबानं तिच्या हाताकडं पाह्यलं. बांधलेल्या बोटाकडं पाह्यलं. खांबाआडून मी हात जोडले होते, तेबी दिसलं असन.

"बरोबर आहे, सलोमीबाई," ते म्हने. "एकही चुकलं नाही."

अन् जाता जाता बोलले, "मुलगी चालायला लागेपर्यंत राहू दे इथं. मग मात्र पाठवावी लागेल."

तवापासून या घरात माह्या पोरीचे पाय भुईले लागू देत नाई कोनी. सलोमीबाईच्या कडेवरून लंगड्या म्हातारीच्या मांडीवर, तिथून सोमाजीबुवाच्या खांद्यावर. तिनं खांब धरून उभं राहाले पाह्यलं का सलोमीबाई वरडते, "बसवा तिले! बसवा!" सव्वा वर्साची झाली. दुसऱ्याचे लेकरं पळतेत, आमची बसून राह्यते.

काल रांधनीत मी भाताचं पानी पसवून राह्यली होती. कोनाचं ध्यान नोतं. अनुसया उभी राह्यली, अन् येक, दोन, तीन, चार पावलं टाकत गेली अन् सलोमीबाईच्या लुगड्याले धरलं. सारे पाहातच राह्यले.

सलोमीबाईनं झटकन उचललं. "मी तं नाई पाह्यलं," ती म्हने. "कोनी पाह्यलं काय?"

सोमाजीबुवा म्हने, "मी तं डोळ्यानं काईच नाई पाह्यलं बापा."

सारे हासले. मीबी हासली. पन साहेब पुन्हा धान कापनीले येतीन, अन् तवर लेकराचे पाय काई थांबत नाई.

दिवस बुडाच्या आंधी सलोमीबाईनं पोरगी माह्या मांडीवर देली अन् येकटीच फाटकापाशी गेली. फाटक धरून उभी राह्यली. मोकळ्या रस्त्याकडं तोंड केलं अन् जोरात हाक मारली, "अनुसयेऽ!" मी म्हननार होती, बाई, पोरगी तं इथी हाय. नाई म्हटलं. तिनं पुन्हा हाक मारली, पहिल्याहून लांब. "अनुसयेऽऽ!"

माह्या मांडीवरून पोरगी म्हने, "आँ?"

रस्त्याकडं गेलेल्या हाकेचा जवाब तिले मांगून आला. सलोमीबाई तशीच फाटक धरून उभी राह्यली. लय वेळ मांगं वळून पाह्यलं नाई तिनं.