मास्तरांच्या तत्त्वाचा प्रश्न

"तत्त्व निवडायला असा कितीसा वेळ लागतो गं? मी आयुष्यभर तत्त्वानंच जगलोय!" मास्तर छाती पुढे काढून म्हणाले.

"बाबा, ती तत्त्वं नाहीत," लेक म्हणाली. "अग्नी, पाणी, माती, वारा. तू जादूगार होणार ना? मग यातलं एक घ्यायचं. तुझी सगळी जादू त्याचीच."

"तेच म्हणतोय मी!" मास्तर म्हणाले. अर्थात ते तसं काहीही म्हणत नव्हते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि दिवसभर बोलत राहायचं, हा त्यांचा धंदा. "आरसा काय भांग पाडायला दिलाय?" "क्लच हळू सोड, गाडी आहे, बेडूक नाही!" असं सकाळपासून सुरू व्हायचं. घरी आले तरी तोंडाचा पट्टा चालूच. बायकोला त्याची सवय झाली होती. लेकीला नव्हती. ती आठवडाभर कानाला हेडफोन लावून तिच्या खोलीत काम करायची आणि बापलेकीचं बोलणं "जेवलीस?" आणि "हो" एवढ्यावर आटपायचं.

पण रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाभोवती तिची मित्रमंडळी जमायची आणि घर नुसतं खिदळायचं! लेक एक गोष्ट सांगत जायची, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं व्हायचे. आपलं पात्र आता काय करणार ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवायचा. मास्तर मधूनमधून उगाचच पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचे आणि दारात रेंगाळायचे. रविवारी त्या माणसाच्या पोटात इतकं पाणी जायचं की विचारू नका. लेक एवढी हसते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आपणही त्या टेबलाशी बसावं, असं त्यांना फार वाटायचं.

अशात त्यांच्यातला जादूगार लग्न करून दुसऱ्या गावी गेला. मास्तरांनी लगेच हात वर केला. लेकीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एक रविवार बसवते," ती शेवटी म्हणाली. "जमलं तर पुढे. नाही जमलं तर रागवायचं नाही. आणि एक नियम पक्का. टेबलावर जादूगाराच्या तोंडून त्याच्या तत्त्वाचं नाव निघालं, की तो मंत्र धरला जातो. मागचा जादूगार सारखा 'मी सहज बोललो' म्हणायचा. आता ते बंद."

"मी कधी सहज बोलतो का?" मास्तर म्हणाले.

तत्त्व निवडायला वेळ लागत नाही म्हणणाऱ्या मास्तरांनी पुढचा सबंध आठवडा त्यात घातला. कुणी चुकीच्या बाजूनं ओव्हरटेक केलं तरी ते ओरडले नाहीत. शिकायला येणाऱ्या एका बाईंना वाटलं, मास्तरांची तब्येत बरी नाही. घरी बायकोशी खल झाला.

"वायू घेऊ का?"

"तो आहेच तुमच्याकडे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात त्याच्यावर."

"मग अग्नी!"

"तुम्ही? गॅस पेटवताना लांबून हात पुढे करता!"

पण मास्तरांचं ठरलं. अग्नी म्हणजे रुबाब! पाणी काय, नळालाही येतं.

रविवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. समोर दातांची डॉक्टरीण होती, ती खेळात लोखंडी चिलखत घालणारी योद्धी. तिच्या शेजारी लंब्या. तो इमारतींचे नकाशे काढायचा, डोकं दाराच्या चौकटीला लागायचं, आणि खेळात मात्र बुटका चोर झाला होता.

लेकीनं आवाज खोल केला. "तुम्ही दोरांच्या पुलावर आहात. खाली दरी. पलीकडे किल्ला. कित्येक रविवार ज्याच्यासाठी चाललात, तो हाच."

"मी एकेक फळी तपासत पुढे जातो," लंब्या म्हणाला. "आधी पहिली फळी. मग दुसरी..."

समोरचा रेंगाळला की मास्तरांना राहवत नाही. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय ॲक्सिलरेटर दाबायला लागला. तरी बिचाऱ्यांनी गोड आवाजात समजूतच घातली. "सावकाश जा रे बाळा. कुठं आग लागलीय एवढी?"

लेकीनं फासा पुढे सरकवला. "आग. टाक."

"अगं, मी त्याला धीर देत होतो!"

"टाक, बाबा."

मास्तरांनी टाकला. वीस पडले, म्हणजे सगळ्यात मोठं दान. आयुष्यात या माणसाला सोडतीत साधा रुमाल लागला नव्हता!

"कुठं आग लागली, असं विचारलंस ना? पुलाला लागली," लेक म्हणाली. "दोन्ही टोकांना."

"आग लागो तुझ्या त्या नियमाला!" मास्तर कळवळले, आणि फासा पुन्हा पुढे आला. आता नियमाला आग कशी लावणार? लेकीनं क्षणभर विचार केला आणि नियमाऐवजी तिघांजवळचा किल्ल्याचा नकाशा जाळला. तिघे कसेबसे पलीकडे पोचले. डॉक्टरीणबाईंचं चिलखत तव्यासारखं तापलं होतं आणि लंब्याच्या मिशीचा अर्धा भाग गेला होता, खेळातल्या.

"काका," लंब्या हळूच म्हणाला, "दुसरं काही घेता येतं का बघा ना."

लेकीनं सुस्कारा सोडला. "वाटेत एक म्हातारी बसलीय. ती तत्त्वं बदलून देते."

"ही कधी आली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आत्ताच," लेक म्हणाली. बापासाठी लेकीनं भर दरीच्या काठावर म्हातारी आणून बसवली! मास्तरांना भरून आलं. त्यांनी अग्नी दिला आणि पाणी घेतलं. पाण्यानं कुणाचं काय वाईट होणार?

किल्ल्याच्या पहिल्या दारात एक पहारेकरी आडवा आला. डॉक्टरीणबाईंनी त्याला असा काही लोळवला की मास्तर खुर्चीतून अर्धे उठले आणि टाळ्या पिटत ओरडले, "वा! आमच्या पोरीनं काय पाणी पाजलं त्याला!"

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"पहारेकऱ्याच्या तोंडात गार पाणी पडतं," लेक म्हणाली. "त्याला हुशारी येते. तो उठून बसतो."

"अगं, पाणी पाजलं म्हणजे हरवलं! तुला मराठी येतं की नाही? इतकी छान लढली ती, सगळ्या मेहनतीवर पाणी..."

लंब्यानं झेप घेऊन मास्तरांचं तोंड दाबायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला. पूर आला. पहारेकरी वाहून गेला हे खरं, पण त्याच्याबरोबर डॉक्टरीणबाईंची ढाल गेली आणि तिघांची शिदोरीही गेली. म्हातारी पुराबरोबर वाहत किल्ल्यात आली. ती आता जरा वैतागली होती. मास्तरांनी खालच्या आवाजात पाणी परत केलं आणि माती मागितली.

आता टेबलावर कुणी हसत नव्हतं. लेक पेन्सिलीशी चाळा करत होती. आपण हिचा रविवार नासवला, हे मास्तरांना स्पष्ट दिसलं. पुढच्या रविवारी आपण पुन्हा दारात पाण्याचा पेला धरून उभे! त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि माणूस मनापासून बोलला की घात होतो.

"चुकलं गं माझं," ते म्हणाले. "मी सपशेल माती खाल्ली."

डॉक्टरीणबाईंनीच फासा त्यांच्या हातात दिला. पुन्हा वीस!

"जादूगाराच्या तोंडात माती कोंबून भरली आहे," लेक म्हणाली. "ती निघेपर्यंत बाबा, तुला एक शब्दही बोलता येणार नाही. टेबलावरसुद्धा."

"चूळ भरायला पाणी हवं," लंब्या म्हणाला, "आणि ते काकांनी आत्ताच परत केलं."

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. आणि नेमका तेव्हाच किल्ल्याच्या आतला राक्षस समोर आला. याची खोड विचित्र. तो प्रत्येकाला विचारायचा, "तुझी ताकद कशात आहे?" समोरचा जे सांगेल ते गिळून टाकायचा.

"माझी तलवार!" डॉक्टरीणबाई गरजल्या. तलवार गिळली.

"माझी चपळाई," लंब्या म्हणाला, आणि गोणीसारखा खाली बसला. खेळात.

"आणि तुझी, म्हाताऱ्या?" राक्षसानं मास्तरांना विचारलं. लेकीनं टेबलावर वाळूचं घड्याळ उलटं ठेवलं. "राक्षसाला उत्तर मिळालं नाही तर तो भुकेनं मरेल. पण इथे फासा नाही, बाबा. वाळू संपेपर्यंत खरंच गप्प बसायचं. हूं की चूं नाही."

म्हाताऱ्या! मास्तरांच्या जिभेवर एकदम शंभर उत्तरं आली. त्यांनी टेबलाची कड धरली. वाळू सावकाश पडत होती.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "अहो, साखर कमी घातलीय, चालेल ना?" उत्तर नाही. "अहो?" उत्तर नाही. बायकोनं ट्रे टेबलावर ठेवला. "अगंबाई, हे बोलत का नाहीत? यांचं तोंड वाकडं तर नाही ना झालं?"

"नाडी ठीक आहे, काकू," डॉक्टरीणबाईंनी मनगट धरून सांगितलं.

एवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. घाबरलेल्या बायकोनं तो उचलून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. शिकायला येणाऱ्या बाईंचा आवाज खोलीभर घुमला. "मास्तर, आनंदाची बातमी! आज मी एकटीनं गाडी काढली! तिसऱ्या गिअरमध्येच सुरू केली आणि हँडब्रेक तर लागलाच नाही, म्हणजे सोडायला लागलाच नाही, तसाच ओढलेला ठेवला! जरा वास येतोय, पण चालतं ना?"

मास्तर लाल झाले, मग जांभळे झाले. टेबलाखाली त्यांचा पाय ब्रेक शोधत आपटू लागला. त्यांनी चहाच्या ट्रेवरचं फडकं उचललं आणि दातांत धरलं. "हॅलो, मास्तर? गप्प आहात म्हणजे बरोबर आहे ना? मग अशीच घेऊन येते हं!" फोन बंद झाला. मास्तरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेवटचे चार कण राहिले. दोन. संपली!

"राक्षस मेला!" लेक खुर्चीवरून उडालीच. "बाबा, तू मारलास त्याला!"

लंब्यानं आरोळी ठोकली, डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या पाठीत धपाटा घातला. आणि लेक हसत सुटली. हसता हसता तिनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं, डोळे पुसले आणि पुन्हा हसायला लागली. मास्तरांनी फडकं अजून दातांतच धरलं होतं. ते सोडलं तर हे सगळं थांबेल, अशी त्यांना भीती वाटत होती.

"पुढचा रविवार मोकळा ठेव, बाबा," ती म्हणाली. "प्रत्येक रविवार. फक्त माती थुंकू नकोस."

मंडळी गेल्यावर मास्तर तरंगतच स्वयंपाकघरात गेले. "ठेवलं! मला कायमचं ठेवलं टेबलावर!"

"एवढं काय केलंत?" बायकोनं विचारलं.

मास्तरांनी शौर्याची दोन-तीन वाक्यं मनात जुळवून पाहिली. एकही जमेना. "गप्प बसलो," ते म्हणाले.

बायकोनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"लग्न झाल्यापासून मी दुसरं काय सांगत होते?" ती म्हणाली. "पण त्याला घरात राक्षस आणावा लागतो, हे मला मेलं कुणी सांगितलंच नाही!"