पाठीचं माप

"तुझी पाठ आखूड आहे, वेंडेल," ट्रूडी म्हणाली. ट्रूडीला हळू बोलता येत नसे. शिकारीचा हंगाम तीन आठवड्यांवर आलेला, त्यात शनिवारची सकाळ, त्यामुळे तिच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात निम्मं गाव जमलेलं होतं आणि त्या निम्म्या गावाने हे ऐकलं.

वेंडेल भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून उभा होता. ट्रूडीने मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत टेप लावली होती. "सव्वासहा फूट उंची, पण सगळी पायांत गेलीय बघ. पाठ जेमतेम पंधरा इंच! पाठीवरची पुरुषांची कुठलीच बॅग तुला बसायची नाही. बायकांची स्मॉल घे. मस्त बसेल."

दोन रॅक पलीकडे वेंडेलचे सासरे हार्लन काडतुसांची खोकी बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण त्यांच्या हातातलं खोकं हातातच राहिलं, हे वेंडेलने तिरक्या नजरेने पाहिलं आणि त्याचे कान तापले.

एरवी वेंडेल मापाच्या बाबतीत फार काटेकोर माणूस. गावातल्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या तोच बनवायचा. "मापाची नसेल तर टोचणारच की हो!" असं तो दिवसातून चार वेळा लोकांना सुनवायचा. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! आज माप त्याचं होतं आणि सासरे ऐकत होते.

या सासऱ्यांच्या शिकारी तळावर जागा मिळावी म्हणून त्याने नऊ वर्षं वाट पाहिली होती. दर शरदात हार्लन आणि त्यांचे तीन दोस्त रस्ता संपतो तिथून आठ मैल आत डोंगरात जात आणि दहा दिवस एल्कच्या मागे हिंडत. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. मारलेल्या एल्कचं सगळं मांस पाठीवरून खाली आणायचं. मग वर्षभर जेवणाच्या टेबलावर त्याच गोष्टी चालायच्या आणि जावईबापू बटाट्यांचं भांडं पुढे सरकवायचे. यंदा त्या चौघांतल्या एकाचा गुडघा बदलला, आणि हार्लन आपणहून म्हणाले होते, "बघ पोरा, जमत असेल तर."

अशा वेळी बायकांची स्मॉल?

"स्मॉल कसली, ट्रूडी! मी कायम पुरुषांची लार्जच वापरतो," वेंडेल मोठ्याने हसून म्हणाला. आजवर त्याने पाठीवर डब्याच्या पिशवीपेक्षा जड काही घेतलं नव्हतं.

"अरे, पण पट्टा कमरेच्या हाडावर नको का बसायला? वजन कंबर उचलते, खांदे नाही. लार्ज घेतलीस तर पट्टा मांड्यांवर येईल."

"माझ्या मांड्या दणकट आहेत," वेंडेल म्हणाला. मागे कुणीतरी खोकलं. वेंडेलने पुरुषांची लार्ज बॅग घेतली आणि सासऱ्यांकडे न बघता बाहेर पडला.

घरी जोलीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, बॅग उलटसुलट करून पाहिली. "तुला मोठी होत नाहीये का रे?"

"सैल होईल हळूहळू."

"सैल? आधीच तर सैल आहे!"

"जोलीन, तुला यातलं काय कळतं?" तो म्हणाला. शिकाऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला आपण हे म्हणालो, याची त्याला तेव्हा लाजही वाटली नाही. ती पुढे व्याजासकट वाटायची होती.

हार्लनच्या तळाचा एकच नियम होता. नव्या माणसाने साठ पौंडांचं वाळूचं पोतं बॅगेत घालून गावामागच्या डोंगरावर चढायचं. तिथे चुना फासलेल्या दगडांनी गावाच्या नावाचं पहिलं अक्षर मांडलेलं होतं. पोतं मध्ये कुठेही न टेकवता अक्षरापर्यंत जो नेईल, तो तळावर. ही चढाई रविवारी चर्च सुटल्यावर व्हायची. गावकरी खाली गाड्यांच्या मागच्या फळ्या उघडून, कॉफी आणि डोनट घेऊन बघायला बसायचे. शिकाऱ्यांचं गाव ते. प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण.

पहिली दोनशे पावलं वेंडेल ऐटीत चढला. मग पट्टा घसरला. ट्रूडीने सांगितल्याप्रमाणे तो इमानेइतबारे मांड्यांवर आला आणि साठच्या साठ पौंड खांद्यांवर बसले. पट्टा मांड्या आवळून धरत असल्यामुळे त्याची पावलं वीतभरच पडू लागली.

वेंडेलने पट्टा वर ओढून करकचून आवळला. तो पुन्हा घसरला, पण या वेळी एकटा नाही. इतका आवळलेला पट्टा पँटला सोबत घेऊन निघाला. पँट धरावी तर खांद्याचे पट्टे सुटतात, ते धरावेत तर पँट जाते. पोतं टेकवावं तर नऊ वर्षं पाण्यात! वेंडेल एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने लाज धरून आणखी वीस पावलं चढला. मग खडीवरून पाय सरकला आणि तो बॅगेवर उताणा पडला.

पट्ट्याची कडी बॅगेखाली गेली होती, बोटं बधिर झाली होती आणि पँट गुडघ्यांशी होती. उलट्या कासवासारखे हातपाय हलवत वेंडेल स्वच्छ निळ्या आभाळाकडे बघत राहिला. एवढ्यात शाळेतल्या मुलींचा धावण्याचा संघ त्याच वाटेने वर आला. "गुड मॉर्निंग, मिस्टर वेंडेल!" एकेक जण शिस्तीत म्हणत पुढे गेली. अकरा मुली होत्या. त्याने अकराही जणींना उत्तर दिलं, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचेना. खाली उन्हात दुर्बिणींच्या काचा चमकत होत्या. धरणीने पोटात घेतलं तर बरं होईल, असं त्याला मनापासून वाटलं.

शेवटी जोलीन वर आली. तिने कडी सोडवली, त्याला पँट वर करू दिली आणि बॅग उचलून स्वतःच्या पाठीवर घेतली. जोलीन ठेंगणी, पण तिची पाठ लांब. पट्टा बरोबर तिच्या कमरेच्या हाडावर बसला.

"अगं, राहू दे."

"आलेच आहे इथवर, तर जाऊन येते," ती म्हणाली आणि गेली. मध्ये कुठे थांबली नाही. अक्षरावर उभं राहून तिने हात हलवला, तेव्हा खालून एवढे भोंगे वाजले की चर्चमधला पाद्री बाहेर आला.

हार्लन बराच वेळ दुर्बीण डोळ्यांवरून काढेनात. मग जोलीन खाली आल्यावर एवढंच म्हणाले, "शिकारीचा परवाना काढावा लागेल तुला."

"काढलाय, पपा. नऊ वर्षं दर वर्षी काढतेय. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

हार्लननी टोपी काढली, पुन्हा घातली. वेंडेल बाजूला उभा होता. नऊ वर्षं शिकारीला निघालेल्यांना निरोपाचा हात हलवताना आपल्या शेजारी उभी जोलीन काय बघत असे, ते आपणही कधी विचारलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. पँट सुटण्यापेक्षा ही लाज मोठी होती.

"सर, म्हणजे जागा भरली," तो चाचरत म्हणाला.

"बंदुकीची भरली," हार्लन म्हणाले. "मांस खाली आणायला माणूस कमीच आहे. पण मला मापाची बॅग असलेला माणूस हवाय. कळलं?"

"हो, सर."

सोमवारी तो दुकानात गेला. आजही गर्दी होती. त्याने कोपऱ्यात जाऊन कुजबुजायचं ठरवलं होतं. पण मग ट्रूडीने "काय? मोठ्याने बोल!" म्हटलं असतं. म्हणून तो गल्ल्यापुढे सरळ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ट्रूडी, बायकांची स्मॉल दे."

कुणी हसलं नाही. चार जणांनी घाईघाईने आपापले बूट बघितले. ट्रूडीने बॅग आणली, त्याच्या पाठीवर चढवली, पट्टा लावला. कवळी बसावी तशी ती बसली. मग ट्रूडी गल्ल्याखालची कात्री घेऊन अगदी जवळ आली आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"मापाचं लेबल कापून देऊ का रे? तुझ्या सासऱ्यांना दर वेळी देते."