तळमजल्यावरच्या वहाणा

रंजीताच्या सासऱ्यांनी, मुखरूमामाजींनी, आल्या आल्या परतीच्या गाडीची वेळ विचारली. सोमवारपासून तिची कॉलेजातली नोकरी पुन्हा सुरू होणार होती आणि तीन वर्षांच्या दिव्यानीला परक्या बाईच्या हवाली करायच्या विचारानं तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. सासऱ्यांनी इथंच राहावं म्हणून तिनं नागभीडला डझनभर फोन केले होते. धानाची रोवणी आटोपून मामाजी आले खरे, पण 'पाहून तं घेतो' एवढ्याच बोलीवर.

"चारची गाडी भेटते का, पाहून ठेव," चहा बशीत ओतत ते म्हणाले. "इथी नाई जमणार मले. लिफ्टमंधी दोघं भेटले, तं दोघंही आपापल्या मोबाइलात. मी का भिंतीसंग बोलू?"

त्यात खोटं काही नव्हतं. चंद्रपूरची ही नऊमजली इमारत जाहिरातीत लक्झरी होती. खाली झुंबर होतं, आरशासारखी संगमरवरी फरशी होती, पण शेजाऱ्यांची नावं तिला इमारतीच्या ग्रुपवरूनच कळली होती.

तिचं नाव मात्र सगळ्यांना पाठ होतं. पाचव्या मजल्यावरच्या सुलतानाबाईंच्या लोबानाचा धूर पाहून 'आग' असं तिनंच कळवलं होतं. गच्चीवर वाळणारं पट्टेरी ब्लँकेट पाहून 'वाघ' असंही. तेव्हा सेक्रेटरी गुणवंतरावांनी बजावलं होतं, "मॅडम, अजून एकदा असं झालं, तं ग्रुपातून काढीन."

तासाभरानं ती दही आणायला खाली उतरली आणि लिफ्टच्या दाराशीच थबकली. टायरच्या तळव्यांच्या, वाळक्या चिखलानं भरलेल्या पुरुषी वहाणा. इमारतीत असल्या वहाणा कोणी घालत नव्हतं. पायांचा आवाज होऊ नये म्हणूनच चोरानं काढल्या असणार. चौकीदार बिरजूला विचारलं, तर तो सकाळी बराच वेळ पाण्याच्या मोटरपाशी होता. त्यानं कोणालाच पाहिलं नव्हतं. रंजीताचा अंगठा क्षणभर अडखळला. मग दिव्यानी आठवली आणि फोटो ग्रुपवर गेला.

दहा मिनिटांत फाटकाला कुलूप लागलं आणि गुणवंतराव बनियनवर तिच्या दारात हजर झाले. "या खेपेले पुरावा आहे," ते नाइलाजानं म्हणाले.

मामाजी एका हातात नात आणि दुसऱ्या हातात पोछ्याची काठी घेऊन बाहेर आले. चष्मा नागभीडलाच राहिला होता. मोबाइलातल्या फोटोत त्यांना नुसता काळा ठिपका दिसला आणि तो कशाचा, हे गडबडीत कोणी सांगितलं नाही. "जनावर हुडकाचं असन, तं वरून खाली हाका घालाचा," ते म्हणाले. "म्या जिंदगीभर धानातले डुकरं हाकलले."

हाका सुरू झाला. जमलेली माणसं दारं ठोठावत एकेक मजला खाली उतरू लागली. चोर काही सापडेना, पण प्रत्येक दारात मामाजींना माणसं सापडू लागली. सातव्यावरच्या ज्योत्स्नाबाईंच्या कुंडीतली मिरची का आकसली, ते त्यांनी सांगितलं. पाचव्यावर सुलतानाबाईंनी गाव विचारलं.

"नागभीड? आमचा भाऊ अजीम तिथंच राहते. चक्की आहे त्याची."

"अजीमची चक्की? माह्या घरचं पीठ तिथंच दळून येते, बाई."

झालं. चहा आला, खुर्च्या आल्या, हाक्यातली अकरा माणसं बसली. मामाजींनी खुर्चीवरच मांडी घातली आणि रंजीताची नजर त्यांच्या तळपायांवर गेली. उघडे, भेगाळलेले. भेगांत वाळका चिखल, अगदी त्याच रंगाचा. वहाणा घराच्या दारापाशी काढल्या असतील, असं ती सकाळपासून धरून चालली होती.

"गॅसवर दूध आहे माझं," असं म्हणून ती उठली आणि वर जायच्या ऐवजी खाली धावली. वहाणा उचलल्या, ओढणीखाली दडवल्या, वळली. समोर दांडा घेऊन बिरजू.

"साहेब, सापडला," तो जिन्याकडं तोंड करून ओरडला. "बाईमाणूस आहे."

बसलेली सगळी माणसं खाली उतरली. ओढणीतून एक वहाण निसटून फरशीवर पडली. ती ओळखायला मामाजींना चष्मा लागला नाही.

"ह्या तं माह्या वहाना. कुठी घेऊन चालली, रंजीता?"

"तुम्ही इथं काऊन काढल्या, मामाजी?"

मामाजींनी झुंबराकडं पाहिलं, फरशीकडं पाहिलं. "एवढी चकचकीत फरशी. मले वाटलं, इथूनच तुमचं घर सुरू होते."

आधी सुलतानाबाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. गुणवंतरावांनी मात्र मोबाइल बाहेर काढला. रंजीतानं डोळे मिटले.

"मॅडम, ही तिसरी खेप," ते म्हणाले. "यापुढं काही दिसलं, तं आधी मामाजीले दाखवा. ते हो म्हणतील, तरच ग्रुपावर टाका."

"पण ते तर चारच्या गाडीनं..."

"कोन म्हणते?" मामाजी वहाण झटकत म्हणाले. "उद्या मिरचीले राख टाकाची आहे."

सोमवारी रंजीता कामावर निघाली, तेव्हा लिफ्टच्या दाराशी वहाणा, चपला, बूट ओळीनं लागले होते. "मामाजीनं सांगितलं," बिरजू म्हणाला, "घर इथूनच सुरू होते." तिनं सवयीनं मोजले: चौदा जोड. टोकाला तिच्या स्वतःच्या सँडल होत्या. त्या पायांत सरकवून ती बाहेर पडली आणि बसस्टॉपपर्यंत तिनं मोबाइल एकदाच काढला, तोही नुसती वेळ पाहायला.